नवमीचा खेळ

संत्र्याच्या गोदामाच्या छपराचे काही पत्रे एकदा रामटेकला जाऊन आले. परत आले तेव्हा ते एका अंगाने पांढरे होते. पावसाळ्यात तेवढेच गळतात.

सीताबर्डीच्या भिंतीवर सिनेमाचा कागद चिकटवलेला आहे : शंभर टक्के बोलता, शंभर टक्के गाता. खाली कोणीतरी कोळशाने लिहिलंय : आमची बायको पण.

शाळेत मुली चारुलताला महाराणीसाहेब म्हणतात. घंटा झाली तरी ती धावत नाही.

सिनेमाच्या जुन्या यंत्राला हँडल आहे, नव्याला मोटर. जुनं आता वर्षातून एकदा फिरतं.

जी बाई नवऱ्याच्या आधी जाते तिचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला. त्या दिवशी जेवायला सवाष्ण लागते.

तेरा वर्षं यमुताईने मारोतरावांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

*

पाटी : पंगत

गोपिकाची बहीण यमुताई सवाष्ण म्हणून पाटावर बसली, पण पाठ भिंतीला टेकवली नाही. उठून जायचं झालं तर वेळ लागू नये, अशी बसली.

सत्यवतीने तिच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, हिरवा चुडा पुढे ठेवला.

"हिरवा काहून आणला वं सत्यवती? गोपीले हिरवं आवडे नाही."

"मग काय आवडे?"

"डाळिंबी. माहेरी सगळ्यायले माहीत होतं. सासरी कोणी इचारलं नसन."

सत्यवती मारोतरावांची बायको, या घरची थोरली. तिने चुडा उचलला नाही. मारोतरावांनी कढीचा भुरका मोठ्याने मारला. त्यांच्या शेजारी धाकटा भाऊ महादेवराव, म्हणजे गोपिकाचा नवरा, ताटातला वडा नुसता फिरवत होता. पलीकडे मारोतरावांचे जावई मनोहरराव. ते मुंबईला ध्वनिमुद्रणाच्या कंपनीत होते, आणि त्यांनी स्टेशनवरून आणलेला पत्र्याचा गोल डबा देवघरापाशी ठेवला होता. सत्यवतीला वाटलं, पेढे असतील.

चारुलता वडे वाढत होती. गोपिकाची मुलगी. श्रावणात मोठ्या आईला, म्हणजे सत्यवतीला, घेऊन ती रामटेकच्या गाडीत बसली होती आणि मावशीच्या दारात उभी राहून म्हणाली होती, यंदा नवमीला तुम्हीच या. मावशीने तिला आपादमस्तक पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "इतकी दमानं काहून चालतं वं तू? पायाले लागलं काय?"

आता ती मावशीच्या प्रत्येक शब्दाला कान देत होती. सख्ख्या बहिणी. कुठेतरी, एखाद्या अक्षरात, सारखं असेल.

"तं मग," यमुताई म्हणाली, "जेवण झालं का तुमी सारे थेटरात जाता म्हणे."

"हो ना," सत्यवती म्हणाली. "नवमीले आपल्या थेटरातला दुपारचा खेळ बंद ठेवतो. घरचेच बसतो. गोपिकाचं चित्र पाहतो, महादेवभावजी पेटी वाजवतात."

"श्राद्ध करून सिनेमा. नागपूरवाल्यायचं सारंच निराळं बाप्पा."

"यमुताई, तुम्ही एकदा पाहा तरी," मारोतराव म्हणाले.

"मी काहून पाहू? माझ्या बहिणीले माघाच्या थंडीत तलावात उभं केलं तुमी. वर्ष नाही भरलं त ताप येऊन गेली."

"डॉक्टर म्हणाले होते, त्याचा संबंध नाही."

"डॉक्टर तुमचाच होता."

चारुलताच्या हातातला वडा खाली पडला. तो उचलायला ती सावकाश वाकली.

*

पाटी : मारोतराव

आयुष्यात त्यांनी एकच चित्र काढलं होतं. 'पाषाणकन्या'. मुंबईहून आणलेली नटी रामटेकच्या माकडांना घाबरून परत गेली, आणि गोपिका म्हणाली, त्यात काय, मी उभी राहते. त्यानंतर जातवाल्यांनी काही वर्षं लग्नाची बोलावणी दिली नाहीत. चित्र अमरावतीला चाललं, अकोल्याला चाललं, जत्रांत तंबूत चाललं. मग बोलती चित्रं आली आणि मुकं चित्र कोणी फुकट दाखवलं तरी बघेना.

त्यांना ते एकदा तरी भरलेल्या थिएटरात पाहायचं होतं. एवढंच. एवढ्यासाठी त्यांनी मागच्या उन्हाळ्यात मूळ फिल्म जावयाच्या हवाली केली होती, भावाला न सांगता.

"महादेव," ते आता हात न धुताच म्हणाले, "आज खेळ नव्या मशीनवर आहे."

"मुकं चित्र टॉकीच्या मशीनवर?"

"मुकं नाही राहिलं आता."

मनोहररावांनी घसा साफ केला. "फक्त शेवटचं रीळ, काका. नमुना म्हणून. वाद्यं भरली आहेत, घाटावरच्या प्रसंगाला गाणं घातलंय. तुम्हाला पटलं तर सगळं चित्र करू. मुंबईत काय चाललंय सांगू का? जुन्या फिल्मा धुऊन काढतात आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या करतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. आवाज भरला तरच ही वाचेल."

"दादा, तू मले इचारलं नाही."

"इचारलं असतं त नाही म्हटलं असतं तू."

"हो."

"म्हणूनच नाही इचारलं."

"फिल्म तुझी आहे," महादेवराव म्हणाले. "मी कधी नाही म्हटलं? पण घाटावरची जागा माझी. ठरलं होतं आपलं."

ठरलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. महादेवराव पडद्याखाली बसून पूर्ण चित्राला पेटी वाजवत, पण गोपिका घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी येते आणि तिचे ओठ हलू लागतात, तिथे ते दोन्ही हात मांडीवर घेत. ती जागा संपेपर्यंत एक सूर नाही. जत्रेत लोक शिट्या मारत, संत्र्याची सालं फेकत, कोणी ओरडे, झोपला काय गा पेटीवाला! ते वाजवत नसत.

"काका, आता असं चालत नाही," मनोहरराव म्हणाले. "गाणारी बाई दिसते आणि गाणं नाही?"

"कोण गायली आहे?"

"नवीन मुलगी आहे. गोड गळा."

"परकी बाई माझ्या बायकोच्या तोंडून गाणार?"

"मले ऐकायचं आहे," चारुलता म्हणाली.

महादेवराव तिच्याकडे वळले.

"तो तुझ्या आईचा आवाज नाही, चारू."

"माहीत आहे मले. पण काहीतरी त ऐकू येईल. तुमच्यापाशी आहे बाबा. मोठ्या बाबांपाशी आहे, मावशीपाशी आहे. मीच एकटी दरवर्षी ओठ पाहून राहिली."

महादेवरावांनी ताटातच हात धुतले. नाही म्हणायचं ते म्हणू शकले नाहीत. हो तर म्हणालेच नाहीत.

"चला," सत्यवती म्हणाली. "टांगा येऊन उभा आहे." एरवी ती नवऱ्याच्या बाजूने बोलत नसे.

*

पाटी : महादेवराव, टांग्यात

तो आवाज ते रोज काढत नसत. वापरून झिजेल अशी भीती. वर्षातून काही वेळा, घरात कोणी नसताना, डोळे मिटायचे आणि थांबायचं. आधी बांगड्या यायच्या. मग ती यायची. अहो, डबा विसरले. एवढंच वाक्य. पण आख्खी यायची त्यात.

आणि घाटावरचं. ते तिच्याजवळ नव्हतेच त्या वेळी. अंबाळा तलावाच्या पलीकडच्या काठावर, पांढरा रंग दिलेला पत्रा दोन्ही हातांत धरून उभे होते. ऊन तिच्या तोंडावर पडलं पाहिजे, असं दादाने बजावलं होतं. पत्रा हलू नये म्हणून ते श्वास रोखत होते. आणि पाण्यावरून तिचं गाणं त्यांच्यापर्यंत आलं होतं.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणी.

*

पाटी : यमुताई पहिल्यांदा पाहते

बायकांच्या बाजूचा पडदा आज सारलेला होता. खुर्च्या रिकाम्या, उन्हाची तिरीप जुन्या गोदामाच्या पत्र्याच्या फटीतून. पडद्याखाली पेटी होती, तिच्यावर सतरंजी घातलेली. तरी महादेवराव तिथेच जाऊन बसले, झाकलेल्या पेटीपुढे.

वरून मनोहररावांनी मोटर सुरू केली.

आधी व्हायोलिनं आली. यमुताई दचकली, आवाज पडद्यामागून येत होता, माणूस नसताना. मग रामटेकचा गड दिसला. ती रोज पाहते तोच, फक्त राखाडी. गडावरून माणसं उतरत होती, आणि काय उतरत होती! टुणटुण, एकामागे एक, पगड्या सावरत. राजाचा म्हातारा प्रधान तर पळतच सुटला.

"हे काय हो," सत्यवती हसू दाबत म्हणाली, "माकडंच दिसून राहिली सारी."

"नवं मशीन जोरात पळतं," मारोतराव पुटपुटले. "मुकं चित्र हळू काढलेलं असते. मनोहरराव, थोडं कमी नाही होत?"

"नाही, मामाजी," वरून आवाज आला. "कमी केलं की गाणं रडायला लागतं."

मग घाट आला. वरच्या पायरीवर एक बाई. डोक्यावरून पदर, कमरेवर घागर. ती निघाली आणि धडाधड, पायऱ्या न पाहता, एकेक गाळून, खाली आली. पाण्याशी थांबली. ओठ हलले. आणि थिएटरभर एक बारीक, गोड, तुपासारखा आवाज पसरला.

यमुताई उभी राहिली.

तेरा वर्षं तिने ठरवलेलं होतं की हे पाहायचं नाही. लोकांपुढे नाचवलेली, थंडीत उभी केलेली बहीण पाहायची नाही. आणि ही तर तीच होती. परकराच्या वयाची, दुपारी आईचा डोळा चुकवून तलावावर पळणारी.

"गोपे," ती म्हणाली. "पडशील वं."

रीळ संपलं. पांढरा उजेड पडद्यावर राहिला.

"अशीच चाले," यमुताई डोळे पुसत म्हणाली. "माय म्हणे, पायाले चाकं लावले काय वं. पडे, गुडघे फोडे, पुन्हा पळे."

"नाही, मावशी," चारुलता म्हणाली. "आई हळू चालायची."

"कोणं सांगतलं तुले?"

"मी पाहिलं आहे. दरवर्षी पाहते. एकेक पायरी. थांबून. असा पदर धरून." ती उठली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेत चालून दाखवू लागली. मान ताठ, पावलं मोजून टाकल्यासारखी.

यमुताई बघत राहिली. मग तिने मारोतरावांकडे पाहिलं. सत्यवतीनेही तिकडेच पाहिलं.

"सांगा ना आता," सत्यवती म्हणाली.

"काय सांगू?"

"मग मी सांगते. चारू, जुन्या मशीनचं हँडल हे स्वतः फिरवतात ना नवमीले. घाटावरची जागा आली का हात हळू करतात."

"किती हळू?"



"थोडा जास्त वेळ राहावी म्हणून," मारोतराव म्हणाले. "एवढीशी तर जागा आहे. महादेव खाली बसलेला राहते. पाहता पाहता संपून जाते."

*

पाटी : चारुलता

ती मधल्या वाटेत उभी होती आणि पुढचं पाऊल कसं टाकायचं ते तिला कळेना.

आरशासमोर बसवलेली चाल. महाराणीसाहेब म्हणवून घेतलेली चाल. ती आईची नव्हती. मोठ्या बाबांच्या मनगटाची होती.

राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर पायऱ्या गाळत येणारी ती बाई होती, आणि चारुलताच्या पोटऱ्यांत काहीतरी लकाकून गेलं, धावायच्या आधी होतं तसं.

"मावशी, आणि आवाज? असाच होता?"

"छ्या! हा तं साखरेचा पाक. तिचा जाडा होता, माणसासारखा. तलावाच्या इकडून हाक मारे त तिकडची म्हैस वळे."

"गायची?"

"गाये ना, दिवसभर. सुरात? तं नाही बाप्पा."

"सुरात गायची," पडद्याखालून महादेवराव म्हणाले.

"तुमच्यापुढे लाजून गात असन, महादेवराव."

चारुलता वडिलांजवळ गेली. ते डोळे मिटून बसले होते. ती सतरंजीवर हात ठेवून वाट पाहू लागली.

"बाबा, कसा होता? मावशी म्हणते तसा?"

"थांब जरा."

ती थांबली.

"येऊन नाही राहिला," ते म्हणाले.

"काय?"

"बांगड्या येतात. मग ती... मग ही मुंबईची बाई येते." त्यांनी डोळे उघडले. घाबरलेले होते ते. "एकदाच ऐकलं वं मी त्या बाईले. एकदाच."

तिने वडिलांना कधी असं पाहिलं नव्हतं. सकाळपासून तिला वाटत होतं की त्यांच्याजवळ भरपूर आहे आणि ते देत नाहीत. भरपूर नव्हतं. होतं तेवढंही तिच्या हट्टापायी बुजलं होतं.

"भाऊजी!" ती वर तोंड करून ओरडली. मनोहरराव यंत्राच्या खोलीच्या खिडकीतून वाकले. "घाटावरचं गाणं काढून टाका."

"अगं, तुलाच ऐकायचं होतं ना?"

"ऐकलं मी."

"काढून टाकलं तर तिथे काय ठेवू? कोरं राहिलं तर लोकांना वाटेल मशीन बिघडलं. खुर्च्या मोडतील."

"मोडू दे," मारोतराव म्हणाले. "माझ्या खुर्च्या आहेत."

"मुंबईतल्या तुमच्या नाहीत, मामाजी. कंपनीला हे पटवणं सोपं नाही."

"मग नाही पटलं त आणा परत. इथं राहील पडून." भरलेलं थिएटर त्यांच्या डोळ्यांसमोरून हळूहळू रिकामं होत होतं, पण भावाकडे पाहून ते बोलले.

"नाही, दादा," महादेवराव म्हणाले. "पडून नको राहू देऊ. बांगड्या करून टाकतील त्याच्या. मनोहरराव, बाकी चित्राले जे वाजवायचं ते वाजवा. गावोगाव पेटी घेऊन मी आता कुठं फिरू? पण तेवढी जागा सोडा."

"काहून?" यमुताईने विचारलं. "साऱ्यायले वाचा देता अन् माझी बहीणच मुकी ठेवता?"

"मुकी नाही ती, यमुताई. मी पलीकडच्या काठावर होतो, पत्रा धरून. पाण्यावरून आला होता मले तिचा आवाज. तो आहे तिथं. आपल्याले ऐकू येत नाही, एवढंच."

यमुताई काहीतरी टोचून बोलणार होती. ती खाली बसली.

"फिल्मच्या कडेची आवाजाची पट्टी कोरी ठेवली तरी पूर्ण गप्प नसते, काका," मनोहरराव म्हणाले. "खरखर येते."

"येऊ दे," चारुलता म्हणाली.

"बघतो मग मी. भांडून बघतो."

*

पाटी : पुन्हा, हाताने

नवमीचा खेळ मात्र राहून गेला होता. मारोतराव वर गेले, कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावरचं फडकं काढलं, त्यात घरच्या जुन्या मुक्या प्रतीचं शेवटचं रीळ चढवलं. खाली महादेवरावांनी पेटीवरची सतरंजी काढली.

"चारू," मारोतरावांनी खिडकीतून विचारलं, "हळू का जोरात?"

"जशी होती तशी."

म्हणजे किती, ते मारोतरावांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते एकाच तऱ्हेने फिरवत आले होते. त्यांनी हँडल धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"यमुताई," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा मले. खालून बोला."

यमुताई खुर्चीच्या टोकावर सरकली. पेटी सुरू झाली. गड आला, माणसं नीट माणसांसारखी उतरली. वरच्या पायरीवर ती बाई आली.

"हळू झालं," यमुताई म्हणाली. "जोरात करा. ... अजून. ... इतकं नाही, मघाशासारखी उडून राहिली. कमी करा. ... थोडं अजून जोरात, मारोतराव, तिले घाई हाय, माय उठायची हाय तिची... हां! बस. बस. हेच ठेवा."

मारोतरावांचा हात त्या वेगाला धरून राहिला. घामाने मूठ घसरत होती, त्यांनी सोडली नाही.

महादेवरावांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

थिएटरात फक्त यंत्राची टकटक. गोपिका पाण्याशी उभी होती, तिला जरा धाप लागलेली होती, ते या वेगात पहिल्यांदाच कळत होतं. तिचे ओठ हलू लागले. सत्यवतीने यमुताईचा हात धरला आणि यमुताईने तो धरू दिला. चारुलता पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिची सावली आईच्या घागरीवर पडली. ती पुढे वाकून ऐकत होती. मग तिने मागे वळून वडिलांकडे पाहिलं. महादेवरावांनी मान हलवली, हो, हो, अशी.

१९२२ च्या माघात, घाटावरचं हे चित्रण झालं त्या सकाळी, गोपिकाचा घसा पार बसलेला होता आणि ती नुसते ओठ हलवत होती.